दुकानात बसून खेळायला फुकटचा कोड्याचा गेम सुचवा, पण अर्ध्यात सोडता आला पाहिजे

नवीपेठ_काउंटर

नमस्कार मंडळी. नव्या पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. सकाळी यजमान आणि मी दोघं असतो. दुपारी ते जेवायला घरी जातात आणि जरा लवंडतात, तेव्हा काउंटरवर मी एकटी. मे महिन्यात दुपारी एक ते साडेचार सोलापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तर गिऱ्हाईक कुठनं येणार? पण येतं ते सांगून येत नाही. अक्कलकोट करून तुळजापूरला निघालेली एखादी गाडी पेठेत थांबते आणि बघता बघता दुकान भरतं. "ओरिजिनल सोलापुरीच आहे ना?" "रंग जातो का?" "ती वरची काढा, नाही, तिच्या खालची." ढीगभर उलगडायच्या, दोन विकायच्या, उरलेल्यांच्या घड्या घालत बसायचं.

तर या मधल्या वेळासाठी मला मोबाईलवर कोड्याचा गेम हवाय. आधी मी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. यजमान म्हणतात काउंटरवर पेपर पसरलेला दिसला की दुकान चालत नाही असं वाटतं. मोबाईल हातात असला की ऑर्डर बघतेय असं वाटतं म्हणे. त्यांचं लॉजिक त्यांच्यापाशी.

दोन-तीन गेम घालून बघितले आणि काढून टाकले. एकात सारखं घड्याळ पळत होतं. गिऱ्हाईकाला "या, बसा" म्हणेपर्यंत हरलेली असायचे. दुसरा बरा होता, रंग जुळवायचे, पण दर डावानंतर जाहिरात. एकदा लातूरकडचे एक आजोबा चादरीचा काठ दोन बोटांत धरून बघत होते, मी वीण कशी घट्ट आहे ते सांगत होते, आणि काउंटरवर पालथा ठेवलेला माझा फोन खणखण नाणी पडल्यासारखा वाजायला लागला. वर कुणीतरी बाई हिंदीत ओरडत होती की तुम्ही जिंकलात. उचलून बंद करायला गेले तर फुली इतकी बारीक की बोट चुकून जाहिरातीवरच पडलं आणि प्ले स्टोअर उघडलं. आजोबा काही बोलले नाहीत, चादर मात्र घेतली नाही.

नेट बंद करून खेळा असं कुणी सांगू नका. गुलबर्गा आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात, डेटा बंद केला की तो धंदा गेला. फोन जुना आहे, जागा कमी आहे. पैसे भरायची सध्या तयारी नाही. उठून गेले आणि तासाने परत आले तरी डाव आहे तिथेच थांबलेला पाहिजे.

आणि हो, रात्री पाणी सुटायची वाट बघत जागायला पण तोच उपयोगी पडेल. फक्त इतकं गुंतायला नको की टाकी भरून वाहायला लागली तरी कळणार नाही.


जुळे_सोलापूरची

काकू, कँडी क्रश! माझी आई, मावशी, आत्या सगळ्या खेळतात. हजारो लेव्हल आहेत, संपतच नाही. बहुतेक ठिकाणी घड्याळ नसतं, ठरावीक चाली असतात, म्हणजे मधेच फोन ठेवला तरी चालतं. पाच जीव मिळतात. हरलं की एक जातो, अर्ध्या तासाने एक परत येतो.


फुकटचा_सल्ला

कोडी कसली सोडवता, रमी टाका. वेळ पण जातो, पैसे पण सुटतात.


जॉबर_अन्ना

वरच्या भावाला आधी सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलाय. आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. आमच्या पूर्व भागात पगाराच्या दिवशी कुणाचं काय झालं ते मी बघितलंय. ताईंनी गेम विचारलाय, उधारी नाही.

आता ताई, तुमचं आणि माझं दुखणं एकच हाय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर हाय. माग नीट चालायलेत तोवर जॉबरला काम नाही, आणि बंद पडला की श्वास घ्यायला उसंत नाही. कुठं पट्टा तुटला, कुठं धोटा उडाला, की "अन्ना!" म्हणून हाक. शेडमध्ये मी फोन काढत नाही, तिथं नजर मागावरच पाहिजे. पण बाहेर टपरीवर चहा येईपर्यंत, लाईट गेल्यावर, बीम भरून यायची वाट बघताना, असा तुकड्या-तुकड्याचा वेळ लय असतो. पाच मिनिटं मिळतील म्हणून बसावं तर दुसऱ्याच मिनिटाला हाक.

त्यामुळं मी गेम खेळायला कसा हाय ते बघतच नाही. सोडताना कसा वागतो ते बघतो. उठताना जो "थांबा की, एवढं एकच" म्हणतो, "बक्षीस घेऊन जा" म्हणतो, "उद्या नाही आलात तर सगळं जाईल" म्हणतो, तो टाकला काढून. कँडी क्रश वाईट नाही. चाली मोजतो, वेळ मोजत नाही, हे पोरीचं बरोबर हाय. पण ते जीव परत यायचं जे हाय ना, अर्ध्या तासाला एक, ते मला पटत नाही. चहा पिताना खेळायचं सोडून मी घड्याळाकडं बघायलोय की जीव भरला का! वेळ माझा, आणि कधी खेळायचं ते गेम ठरवणार. तुम्हाला तर गिऱ्हाईक नसेल तेव्हा खेळायचंय, जीव असेल तेव्हा नाही.

ठोकळे बसवायचे गेम येतात, आठ बाय आठच्या चौकटीत. एका वेळी तीन तुकडे देतात, आडवी किंवा उभी ओळ भरली की जाते. टेट्रिससारखं वरून काही पडत नाही, तुकडा तुमची वाट बघत खाली पडून राहतो. खेळ झकास हाय. पण त्या नावाचे गेम स्टोअरमध्ये ढिगानं, आणि एकेकात जाहिराती इतक्या की तुमच्या आजोबांसारखं परत व्हायचं.

२०४८ माहीत असेल. चार बाय चारच्या घरात आकडे सरकवायचे, दोन सारखे भिडले की त्यांची बेरीज होते. गॅब्रिएले चिरुल्ली म्हणून इटलीचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, त्यानं मार्च २०१४ मध्ये दोन दिवसात केला आणि कोड सगळ्यांना खुला ठेवला. म्हणून तर एवढ्या नकला निघाल्या. ब्राउझरमध्ये उघडून खेळा, अ‍ॅप टाकायलाच नको. सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात दाबून ठेवायचा आणि तिथनं हलू द्यायचा नाही, चारपैकी तीनच दिशांना सरकवायचं. एवढं पाळलं तरी पुष्कळ पुढं जाता.

पण माझ्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला एकच हाय. सायमन टॅथम म्हणून इंग्लंडचा प्रोग्रामर हाय, त्याचा कोड्यांचा संच. कॉम्प्युटरवाल्यांना पुटी नावाचं सॉफ्टवेअर माहीत असतं, ते करणारा हाच. एका अ‍ॅपात चाळीसच्या आसपास वेगवेगळी कोडी. फुकट म्हणजे खरंच फुकट. जाहिरात नाही, खरेदी नाही, खातं उघडायचं नाही, नाणी नाहीत, हिरे नाहीत, "अभिनंदन" म्हणून फटाके नाहीत. आकारानं एवढंसं अ‍ॅप, जुन्या फोनवर मजेत चालतं. मधेच उठलात तर डाव आहे तसा राहतो. मागं कितीही चाली घेता येतात. कोडं कधी संपत नाही, कारण प्रत्येक वेळी फोन नवीन तयार करतो. दिसायला अगदी साधं, सरकारी फॉर्मसारखं. बरं हाय ते. चमचम असती तर उठवलं नसतं.

त्यातलं मला आवडतं ते अनटँगल. पडद्यावर ठिपके असतात, त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात, सगळा गुंता. ठिपके बोटानं सरकवायचे आणि एकही रेघ दुसरीला छेदणार नाही असं करायचं. बस्स. सहा ठिपक्यांपासून सुरू करा. पंचवीस ठिपक्यांचा घेतला की चहा गार होतो. दिवसभर सूत सोडवायचं आणि टपरीवर बसून परत तेच करायलोय म्हणून घरी हसतात. पण कारखान्यातला गुंता सोडवताना मालक उभा असतो, इथं कुणी नसतं. माझी रीत सांगतो: ज्या ठिपक्याला लय रेघा त्याला आधी मोकळ्या जागेत आणायचं, दोन रेघांवाल्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, तो आपोआप जागेवर बसतो.

तुमच्यासाठी लाइट अप पण चांगलं. खोलीत दिवे लावायचे, सगळ्या घरात उजेड पडला पाहिजे, पण एका दिव्याचा उजेड दुसऱ्या दिव्यावर पडायचा नाही. काळ्या घरात आकडा असेल तर त्याच्या चारी बाजूंना मिळून तेवढेच दिवे. सात बाय सातचं सोपं कोडं दोन चादरींच्या घड्या होईपर्यंत सुटतं. आणि माइन्स, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरचा सुरुंगांचा खेळ. त्यात नशिबावर हरायचं होतं ते यानं काढून टाकलंय. डोकं चालवलं तर प्रत्येक डाव अंदाज न करता सुटतो. याबद्दल त्या माणसाला दंडवत.


हुतात्मावाला

अन्नांना अनुमोदन. मी सोलापूरचाच, पुण्यात मोबाईल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आठवड्याच्या शेवटी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येतो. ताईंच्या फोनवर ती बाई का ओरडली ते सांगतो, कारण ओरडायची सोय करणं हेच आमचं काम.

फुकटच्या गेममध्ये विकत घेणारे शंभरात अगदी थोडे असतात. बाकीच्यांकडून पैसा येतो तो जाहिरातींतून. खाली पट्टीसारखी असते ती बॅनर, तिला फार पैसे मिळत नाहीत. डाव संपल्यावर सगळा पडदा व्यापते तिला जास्त. आणि सगळ्यात जास्त कमाईची म्हणजे "जाहिरात बघा आणि एक जीव मिळवा" वाली, कारण ती माणूस आपल्या मर्जीने शेवटपर्यंत बघतो. म्हणून गेम असा रचतात की तुम्ही जिंकायच्या अगदी जवळ येऊन अडावं. दोन गोळ्या राहिल्या आणि चाली संपल्या. त्याच क्षणी समोर येतं: आणखी पाच चाली हव्यात? दरवेळी ते मुद्दाम केलेलं असतं असं नाही, पण कुठल्या लेव्हलला किती लोक किती वेळा हरले याचे आकडे आमच्यासमोर रोज असतात आणि त्यावरून लेव्हल सैल-घट्ट करतात. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, काल आलेल्यांपैकी आज किती परत आले? दुसरा, सातव्या दिवशी किती उरले? गेम मजेदार आहे का हा प्रश्न तिसरा, आणि तोपर्यंत जेवणाची वेळ होते.

तुमच्या बारीक फुलीबद्दल. गुगल प्लेचा नियम आहे, ३० सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला. खेळाच्या मधे अचानक पूर्ण पडद्याची जाहिरात आणायची नाही, लेव्हल सुरू होताना तर नाहीच. आणि अशी जाहिरात १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नसेल तर ती चालत नाही. बक्षिसासाठी तुम्ही स्वतः उघडलेली जाहिरात यातून वगळली आहे. नियम मोडणारे गेम तरीही दिसतात. प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर तक्रार करायची सोय आहे, ती वापरा.

जाहिरातीत दाखवतात तो गेम आत असेलच असंही नाही. सळया ओढून माणसाला आगीतून वाचवायचं कोडं सगळ्यांनी बघितलं असेल. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या गेमच्या तसल्या जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये आक्षेप घेतला आणि त्या तशा परत दाखवायच्या नाहीत असं सांगितलं, कारण आत मुख्य खेळ वेगळाच, तीन जुळवायचा. तरी अजून हा प्रकार थांबलेला नाही.

गेम उतरवायच्या आधी प्ले स्टोअरवर नावाच्या खाली बघा. जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर तुमच्या कामाचा. पहिल्यांदा उघडल्यावर नोटिफिकेशन पाठवू का असं नव्या अँड्रॉइडमध्ये विचारतात, तिथे सरळ नाही म्हणायचं. घरात लहान मुलं फोन घेत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागावा.

पैसे भरायची तयारी कधी झाली तर गुगलचं प्ले पास आहे. भारतात २०२२ मध्ये आलं तेव्हा महिना ९९ रुपये होतं. त्यातले गेम जाहिरातींशिवाय मिळतात. पण आपल्या ताईंना त्याची गरज दिसत नाही.


जुळे_सोलापूरची

अन्ना, तुम्ही रोज या म्हणणाऱ्या सगळ्यांनाच एका माळेत ओवताय. वर्डल बघा. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केला, पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. दिवसाला एकच कोडं, पाच अक्षरांचा शब्द, सहा वेळा ओळखायची संधी. सुटलं की आजचं संपलं, पैसे न भरता दुसरं मिळत नाही. तो तुम्हाला धरून ठेवत नाही, उलट हाकलून देतो. आम्ही मैत्रिणी कॉलेजच्या बसमध्ये रोज करतो आणि ते हिरवे-पिवळे चौकोन एकमेकींना पाठवतो. सलग किती दिवस झाले ते दाखवतो, त्यात काय बिघडलं?


जॉबर_अन्ना

बिघडलं काही नाही ओ. तुम्ही चौघी मिळून खेळता, तुमची गोष्ट वेगळी. पण सलग दिवसांचा आकडा मोठा झाला ना, की मग कोड्यासाठी नाही, आकड्यासाठी खेळायलं जातंय. गड्ड्याच्या यात्रेत पोरगं खांद्यावर आणि माणूस फोनवर शब्द शोधायलाय, असं बघितलंय मी.


जुळे_सोलापूरची

गड्ड्याला गर्दीत नेटच चालत नाही अन्ना 😄


गणिताचे_मास्तर_निवृत्त

चर्चा वाचून आनंद झाला. दोन गोष्टी.

जॉबरसाहेबांनी २०४८ सुचवला, उत्तम. परंतु तो छोटा खेळ नव्हे. हिशोब करा. मूळ खेळात प्रत्येक चालीनंतर नवा आकडा येतो, दहापैकी नऊ वेळा २ आणि एकदा ४. सरासरी २.२. पटावरच्या आकड्यांची बेरीज फक्त या नव्या आकड्यांनीच वाढते, एकत्र आल्याने ती बदलत नाही. म्हणजे २०४८ पर्यंत पोहोचायला २०४८ भागिले २.२, साधारण ९३० चाली लागणारच, कितीही हुशारीने खेळलात तरी. कुणी शंभर चालींत केला म्हणून सांगत असेल तर हसून सोडून द्या. बाईंनी तो तुकड्या-तुकड्याने दोन-तीन दुपारी मिळून खेळावा, हरकत नाही. डाव टिकतो हे महत्त्वाचं.

सुडोकू कुणीच सुचवलं नाही याचं नवल वाटलं. सगळे त्याला जपानी समजतात. अमेरिकेतले हॉवर्ड गार्न्स नावाचे वास्तुविशारद, त्यांचं हे कोडं १९७९ मध्ये तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावाने आलं. जपानमध्ये ते १९८४ ला गेलं आणि तिथे बाळसं धरलं. उत्तर एकच यायचं तर किमान १७ आकडे दिलेले लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. अन्नांच्या संचात सुडोकू 'सोलो' नावाने आहे. सोप्या पातळीवर ठेवा, पेन्सिलने बारीक आकडे लिहायची सोयही आहे.

आणि फोनच नको असेल तेव्हा बिलबुकाच्या मागचा कोरा कागद आहेच. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. त्यांचं हे काम जगभर माहीत आहे, आपल्याकडेच कमी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने लिहा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करून बघा, पुन्हा ६१७४ च. जास्तीत जास्त सात वेळांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. यात जाहिरात नाही.


नवीपेठ_काउंटर

सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचं आधी करून बघितलं. डबल बेडच्या एका चादरीवर १३५० ची चिठ्ठी होती, तीच संख्या घेतली. वजाबाक्या संपेचनात! ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग कुठे ६१७४. बरोब्बर सात. यजमान जेवून आले तर मी कागदावर आकडे मांडत होते, त्यांना वाटलं हिशोब जुळत नाहीये, तेही येऊन बसले. आता ते प्रत्येक चिठ्ठीचं करून बघतायत. ११११ ची कुठली चादर आहे का ते शोधत होते, नाही निघाली.

हुतात्मावाले, प्ले स्टोअरवर नावाखाली बघायचं कुणी आधी सांगितलंच नव्हतं. माझ्या फोनवरचे आधीचे सगळे तपासले. एकही सुटला नाही, दोन्ही गोष्टी सगळ्यांवर.

वर्डल मला जमणार नाही. इंग्रजी वाचता येतं, पण शब्द शोधत बसण्याइतकी गोडी नाही. मराठी शब्दकोडं मी अजूनही सोडवते, फक्त आता घरी.

अन्ना, तुमचा संच घातला. इंग्रजी आहे, पण चित्रं बघून कळतं. अनटँगल सासूबाईंनी पळवलं. त्या घरी तेलुगूत बोलतात, गेमचं नाव त्यांना उच्चारता येत नाही, "ते दोऱ्याचं लाव" म्हणतात. दुपारी फोन माझ्याकडे, रात्री त्यांच्याकडे, आणि पाणी सुटलं की पहिलं त्यांनाच कळतं, कारण जाग्या त्याच असतात. लाइट अप दुकानात छान चालतंय. परवा मधेच गिऱ्हाईक आलं, फोन पालथा ठेवला, पाऊण तासाने बघितलं तर दिवे जसेच्या तसे.

मी सगळ्यात जास्त खेळतेय ते नेट. तारांचे तुकडे फिरवून सगळे मधल्या चौकोनाला जोडायचे, जोडले की रंग बदलतो. पाच बाय पाच आता सहज होतं, म्हणून मेनूत जाऊन मोठं घेतलं आणि गोंधळ झाला. सगळ्या बाजूनं बघितलं तरी उजवीकडच्या काठावरची एक तार बाहेर तोंड करूनच राहते, आणि डावीकडचा एक तुकडा कुठेच जोडलेला नसताना उजळतो. गेम बिघडलाय का?


जॉबर_अन्ना

बिघडला नाही ताई. तुम्ही रॅपिंगवालं घेतलंत. त्यात काठ नसतातच. उजवीकडनं बाहेर गेलेली तार डावीकडनं आत येती, वरनं गेलेली खालनं. मेनूत टाइप म्हणून हाय तिथं जावा, आकड्यापुढं रॅपिंग लिहिलेलं नाही असं सात बाय सात घ्या. साध्यात काठावरच्या तारा बाहेर तोंड करूच शकत नाहीत, म्हणून कोपऱ्यांपासून सुरू केलं की अर्धं काम तिथंच होतंय. अकरा बाय अकराला हात घालू नका एवढ्यात, तेवढं गिऱ्हाईक थांबत नाही.

आणि सासूबाईंना सांगा, दहा ठिपके झाले की पंधरा करा म्हणून. वीसला माझ्याशी स्पर्धा.